उन्हाच्या पायरीवरचे मासे

घाटकोपर

घाटकोपर पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शोभेच्या माशांचे एक दुकान आहे. डिसेंबरमधल्या एका सकाळी मी तिथे पोहोचले तेव्हा दुकानाचे मालक सावंत काचेच्या टाकीतून मेलेला गोल्डफिश काढत होते. समोर एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन उभे होते. सावंतांनी जाळी पाठीमागे धरली, मुलीला शेजारच्या टाकीतले काळे मासे दाखवले आणि ती दोघे बाहेर पडेपर्यंत हात पुढे आणला नाही.

माझ्याबरोबर प्रज्ञा होती. तिशीच्या आसपासची, मत्स्यविज्ञान शिकलेली. एका खासगी प्रयोगशाळेसाठी ती आजारी माशांचे नमुने गोळा करते. तिच्याबरोबर फिरण्यासाठीच मी भंडाऱ्याहून आले होते. आमच्याकडे तलाव इतके की मासा म्हटले की तो गोड्या पाण्यातलाच. थंडीत तो तळाला जाऊन बसतो, खायला वर येत नाही. आमचे मासेमार, ढीवर, म्हणतात, ‘मासा निजला.’ एखाद्या वर्षी तो उठतच नाही, काठाला लागतो. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात असताना अशा बातम्या मी बऱ्याच दिल्या. पाणी गार झाले की मासा आजारी का पडतो, हे मात्र प्रत्यक्ष पाहायचे राहिले होते. मुलुंडला राहणाऱ्या भाचीने प्रज्ञाशी गाठ घालून दिली आणि प्रवास ठरला.

सावंत मूळचे मालवणकडचे. मुंबईत आयुष्य गेले तरी भाषा गावची आहे.

“काका, किती गेले?” प्रज्ञाने विचारले.

“गेले ते गेले. रवले ते बघ.”

प्रज्ञाने मेलेला मासा पांढऱ्या ताटलीत घेतला आणि कल्ल्यावरचे झाकण उचलले. कल्ले लालभडक असायला हवेत. हे धुऊन धुऊन रंग उडालेल्या कापडासारखे होते, मध्येच पांढरे ठिपके.

“थंडी लागली असतली गे तेका.”

“थंडी मलापण लागते काका. मी मरते का?”

“तू मानखुर्दची. तुका काय होतला?”

प्रज्ञा हसली, पण हात थांबला नव्हता. कल्ल्याचा तुकडा तिने नळीतल्या द्रवात टाकला. तिला ज्याचा संशय होता तो विषाणू माणसाला नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होते त्या कुळातला आहे. माणसाला त्यापासून काही होत नाही, तो गोल्डफिशचा. पाणी पंधरा ते पंचवीस अंशांच्या मध्ये असले की तो जोर करतो, तिसाच्या वर गेले की मंदावतो. मुंबईत पाणी वर्षातला बराच काळ त्याला नको इतके कोमट असते. त्याच्या वाट्याला येतात ते थंडीचे मोजके आठवडे.

“हे मासे आले कुठून?”

“गोराईच्या लुसीबाईकडसून. तिच्याकडे पण मरतत. सकाळीच फोन इल्लो.” सावंतांनी जाळी बादलीत ठेवली. “माका वाटता, तिच्या विहिरीचा पाणी बिघडला.”

गोराई

बोरिवलीच्या खाडीवरून गोराईला जाणारी होडी मोटारसायकली आणि माणसे एकत्र नेते. दोन्ही काठांना तिवरांची झाडी आहे आणि पलीकडे पगोड्याचा सोनेरी घुमट दिसतो. मागे वळून पाहिले तर बोरिवलीच्या इमारती. होडीतून उतरल्यावर रिक्षाने थोडे अंतर कापले की भाजीचे वाफे, नारळ, विहिरी आणि कौलारू घरे लागतात. हेही मुंबईच, पण रिक्षावाला गिऱ्हाइकाला म्हणत होता, “मुंबईला गेलतो काल.”

लुसी आंटींचे घर वाडीच्या कडेला आहे. साठी ओलांडलेल्या, उंच, लुगडे नेसलेल्या. या भागातली जुनी ख्रिस्ती कुटुंबे घरात मराठीच बोलतात, चर्चला देऊळ म्हणतात. घरावर नाताळचा कागदी तारा टांगलेला होता. नवरा बस्त्याव, म्हणजे सेबॅस्टियनचे इथले रूप, पूर्वी समुद्रावर जायचा. तो ओट्यावर बसून करंज्यांसाठी खोबरे खवत होता.

“आयली गो डॉक्टरीण,” तो आत ओरडला.

वाडीत शिरण्याआधी प्रज्ञाने जमिनीवर जंतुनाशकाचे घमेले ठेवले आणि सगळ्यांना पाय बुडवायला लावले.

“देवलात जाताना पन कोन एवढे पाय धुवत नाय,” लुसी आंटी म्हणाल्या.

“देवळात आजार नेत नाही ना आपण, आंटी.”

“तुना काय म्हायती? खोकत येतात सगली.”

मागे ओळीने सिमेंटच्या टाक्या होत्या, कमरेइतक्या खोल. लुसी आंटी आधी वाडीतली भाजी टोपलीतून बोरिवलीच्या बाजारात न्यायच्या. गुडघे गेले, टोपली सुटली, मग टाक्या आल्या. गोल्डफिशच्या ज्या जातीच्या डोक्यावर मांसल गोंडा असतो तिला त्या ‘टोपीवाले’ म्हणतात. सगळ्यात शेवटच्या टाकीत त्यांचे ‘आईबाप’ होते: पिलांसाठी राखलेले मोठे मासे, त्यांनी स्वतः पारखून, पिढ्यान्पिढ्या वाढवलेले. बाकी टाक्यांतला माल गेला तरी पुन्हा होईल. हे गेले तर पुढच्या हंगामाची पिले कुठून आणायची, हा त्यांचा प्रश्न होता.

“हे मेले तं मी काय करू? परत टोपली उचलू?” गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या.

पहिल्या टाक्यांत मेलेले मासे तरंगत होते. आईबापांपैकी काही तळाशी निपचित होते, पण बरेचसे टाकीच्या एका कोपऱ्यात दाटीने उभे होते. तिथे आत उतरायला सिमेंटची रुंद पायरी आहे. तिच्यावर वीतभरच पाणी असते. त्या कोपऱ्यावर नारळाच्या झावळ्या अंथरल्या होत्या.

“वर येऊन हवा घेतायत,” मी म्हणाले. आमच्याकडे तलावातला प्राणवायू कमी झाला की मासे असेच वर येतात.

“मलाही तेच वाटलं,” प्रज्ञा म्हणाली. मग तिने वाकून पाहिले. “पण तोंड वर नाहीये कोणाचं.”

खरेच नव्हते. मासे पाण्याच्या आतच होते, अंगाला अंग लावून, भिंतीकडे तोंड करून. प्रज्ञाने तळाचे तापमान घेतले: एकवीस अंश. पायरीवरचे घेतले, तर तेही जवळपास तेवढेच. तिने वर झावळ्यांकडे पाहिले.

“आंटी, या झावळ्या कधी टाकल्या?”

“मासे हितं येऊन बसायला लागले ना, तवा. सकाल झाली का ऊन हितंच परतं. येरे कुठले, उनात जाऊन बसायचे. मी हाकललं तरी परत यायचे. मंग मी सावली केली.”

“का?”

लुसी आंटींना प्रश्नच कळला नाही. उत्तर ओट्यावरून बस्त्यावने दिले. “मेल्या मासलीला ऊन, जित्या मासलीला सावली. हे बारक्या पोराला पन म्हायत हाय.”

ही त्यांच्या घरातली म्हण आहे आणि समुद्रावर ती खरी आहे. होडीतली ताजी मासळी ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, बोंबील मात्र काठ्यांवर उन्हात वाळवायचे. ज्याचे आयुष्य मासळीबरोबर गेले तो जिवंत माशाला उन्हात पाहू शकत नाही. भंडाऱ्याच्या माणसाने त्या टाकीला हातही लावला नसता, कारण आमच्याकडे मासा वाळवायचा तो थोडा आणि त्याच्यावर अशी म्हण नाही.

प्रज्ञाने झावळ्या बाजूला केल्या. उन्हाचा पट्टा पायरीवर पडला. आम्ही चहा घेऊन आलो तोवर तिथले पाणी सव्वीस अंशांवर गेले होते आणि तळाशी पडलेल्यांपैकीही दोन मासे पायरीकडे सरकत होते.

“आपल्याला आजारात ताप येतो ना, तो अंगातून येतो,” प्रज्ञा म्हणाली. “माशाला तशी सोय नाही. पाणी जेवढं गरम तेवढंच त्याचं अंग गरम. म्हणून तो ताप शोधत जातो. यांना तो या पायरीवर मिळत होता.”

“आनि मी झाकला,” लुसी आंटी म्हणाल्या.

“झावळ्यांनी आजार आलेला नाही, आंटी.”

“पन झाकला तं मीच.”

बस्त्याव खोबरे खवायचे थांबला होता.

आजार आला कुठून, तेही तासाभरात कळले. दिवाळीनंतर सावंतांनी न विकलेले काही मासे परत पाठवले होते. तशी दोघांत रीत आहे: जे खपणार नाही ते परत घ्यायचे आणि वाढवून पुन्हा द्यायचे. सावंतांच्या दुकानात आणखी कुठकुठले मासे येतात. परत आलेले मासे तेव्हा धडधाकट होते, कारण तेव्हा पाणी कोमट होते. इथे ते बाकीच्यांत मिसळले, पाणी गार झाले आणि मरतूक सुरू झाली. विहिरीचा दोष नव्हता.

उपाय एकच होता: आईबापांच्या टाकीचे पाणी हळूहळू तेहतीस-चौतीस अंशांवर न्यायचे आणि काही दिवस तिथेच ठेवायचे. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो म्हणून हवेचे पंप जास्त लावायचे. प्रज्ञाने काचेचे हीटर आणले होते. बस्त्यावने सगळे एकदम लावले आणि घरातला फ्यूज उडाला. कागदी तारा विझला, आतल्या खोलीत चाललेला रेडिओही. दोन हीटर काढल्यावर वीज टिकली, पण तेवढ्याने एवढी टाकी तापेना. शेवटी आंघोळीचा तांब्याचा बंब अंगणात आला. करवंट्या आणि नारळाची सोडणे घालून तो पेटवला. गरम पाणी टाकीच्या भिंतीवरून बारीक धारेने सोडायचे, थांबायचे, तापमान पाहायचे, पुन्हा सोडायचे. रात्री पाणी निवू नये म्हणून टाकीवर काळे प्लास्टिक ओढले.

“काय गो, रस्सा करतेस काय?” बस्त्याव बायकोला म्हणाला. “बाटली मसाला आनू?”

“तुजा करते थांब.”

जेवायला फुगे होते, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे, आणि बोंबलाचे कालवण. बाटली मसाला म्हणजे उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरलेला इथला मसाला. प्रत्येक घराचा वेगळा आणि प्रत्येक घराला शेजारच्यापेक्षा आपलाच चांगला वाटतो. आमच्याकडच्या मिरचीच्या जाळासमोर तो सौम्य लागला. मी आमच्याकडच्या मरळ माशाचे कौतुक केले. लुसी आंटींनी तोंड वाकडे केले.

“गोऱ्या पान्याचा मासा? चिखल लागतो गो बाय. तुमच्याकडं समुद्र नाय, म्हनून तल्यावर भागवता.”

“तुम्हीसुद्धा गोड्या पाण्यातलेच पाळता.”

“पालते. खात नाय.”

मानखुर्द

पुढचे काही दिवस प्रज्ञा आणि लुसी आंटी फोनवर तापमान सांगत-ऐकत होत्या. मी मुलुंडला राहिले. नाताळच्या आदल्या दिवशी प्रज्ञाने मानखुर्दला घरी जेवायला बोलावले.

तिचे घर इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. वारा देवनारच्या कचराभूमीकडून असला की खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. त्या दिवशी बंद होत्या. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. कुटुंब जालन्याकडचे. आईने ज्वारीची भाकरी, वांगे आणि सुकटाची चटणी केली होती. सुकट मुंबईला आल्यावर शिकले, असे त्या म्हणाल्या; गावाकडे समुद्रातला मासा फक्त आठवडी बाजारात, तोही वाळलेला आणि वासाने आधी ओळखू येणारा.

“पगोडा बघितला का, ताई?” त्यांनी मला विचारले.

“होडीतून.”

“एवढ्या लांब गेलात आणि मासेच बघून आलात?” मग लेकीकडे बोट दाखवून, “हिच्याबरोबर गेलं की असंच होतं. लग्नाला गेलो तरी ही मांडवातल्या कारंज्यात मासे बघत बसते.”

“मम्मी, तो मासा खरंच आजारी होता.”

“नवरा-नवरी विचारत होते, तुझी मुलगी कुठाय.”

जेवणानंतर प्रज्ञाने प्रयोगशाळेचा निकाल सांगितला. संशय खरा होता. घाटकोपरचा आणि गोराईचा, दोन्ही नमुन्यांत तोच विषाणू. गोराईच्या बातम्या मात्र चांगल्या होत्या. आईबापांपैकी निम्म्याहून जास्त तगले होते, खायला लागले होते. मी म्हणाले, म्हणजे लुसी आंटी सुटल्या.

“नाही ना,” प्रज्ञा म्हणाली. “तेच सांगायचं राहिलंय त्यांना.”

गरम पाण्याने मासा वाचतो, पण विषाणू त्याच्या अंगातून जातोच असे नाही. तो दडून राहू शकतो. मासा निरोगी दिसतो, चांगला वाढतो. पाणी पुन्हा गार झाले, किंवा त्याची जागा बदलली आणि त्याला ताण आला, की तो पुन्हा आजारी पडू शकतो, आणि शेजारच्यांना देऊ शकतो. दिवाळीनंतर गोराईला परत आलेले मासे बहुधा असेच होते. पक्का मार्ग एक: वाचलेले सगळे मासे मारून चुन्यात पुरायचे, टाक्या रिकाम्या करून सुकवायच्या, नव्याने सुरुवात करायची. दुसरा मार्ग, त्यांना मरेपर्यंत एकाच टाकीत वेगळे ठेवायचे, जाळी आणि बादलीसुद्धा वेगळी, आणि त्यांच्यातला एकही मासा किंवा त्यांची पिले कधीही बाहेर द्यायची नाहीत.

“आणि त्यांनी ऐकलं नाही तर?” मी विचारले.

“कोण धरणार त्यांना? दिसायला झकास मासा आहे. मी सांगू शकते, हात धरू शकत नाही.”

तिच्या आईने ताटे उचलता उचलता विचारले, “त्या बाईला दुसरं काही आहे का गं पोटाला?”

प्रज्ञाने उरलेली ताटे उचलली.

पुन्हा गोराई

नाताळनंतर आम्ही परत गेलो. वाडीत बंब थंड होता. पाण्याचे तापमान आता हळूहळू उतरवायचे होते. प्लास्टिक काढल्यावर जे दिसले ते मी आधी पाहिले नव्हते. मासे केशरी-लाल झाले होते, डोक्यावरच्या टोप्या टपोऱ्या, शेपट्या पूर्ण उघडलेल्या. लुसी आंटी टाकीशी आल्या की ते सगळे त्यांच्या बाजूला सरकत.

प्रज्ञाने काहीही न लपवता सांगितले. लुसी आंटींनी मध्ये एकदाही तोडले नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “मंग वाचवले कशाला?”

“कारण तेव्हा ते मरत होते, आंटी.”

लुसी आंटी टाकीच्या काठावर बसल्या आणि पाण्यात हात घातला. बस्त्याव म्हणाला की पोरगी बरोबर बोलते, पण गोराईतून गेलेला मासा पुढे कुठे जातो ते आपण बघायला जात नाही. गरमीपर्यंत थांबावे, मग द्यावे. गरमीत कोणी विचारायला येणार नाही.

त्या काही बोलायच्या आत फोन वाजला. सावंत होते. लुसी आंटींचे हात ओले होते म्हणून बस्त्यावने फोन काठावर ठेवून स्पीकरवर लावला.

“लुसीबाई, नाताळ झालो, आता मासे धाड. न्यू इयरक गिऱ्हाइकां येतत. टोपीवाले रवले मा?”

“रवले. झकास हायत.”

“मगे धाड.”

“द्यायचे नाय.”

“कित्याक?”

“त्यांच्या अंगात हाय तो रोग. दिसत नाय, पन हाय.”

“दिसणा नाय तर कोणाक कळतला? गिऱ्हाईक माशाची टोपी बघता.”

बस्त्यावने मान हलवली. त्याचेही तेच म्हणणे होते. लुसी आंटींनी त्याच्याकडे पाहिले आणि उत्तर फोनला दिले.

“मना ज्यानं दिला त्याला म्हायत नवता. मना म्हायत हाय.”

मग सावंतांनी आवाज उतरवून विचारले, “म्हंजे माझ्याकडसून इलो?”

“तुज्याकडशी आयला, परत तुज्याकडं गेला. आता माज्याकडशी कुठं जानार नाय.” त्या काठावरून उठल्या, उठायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. “हे हितंच ऱ्हातील. बाकीच्या टाक्या सुकवते. मंग बघू.”

“खातलस काय तोवर?”

“ते तू नको इचारू. वाडी हाय. दारात बसून भाजी इकीन, घेनारे येतील न्हायतं नाय.”

“आणि माझ्या दुकानात असत ते?”

“ते मना काय इचारतो? ही बघ, प्रज्ञा हितंच हाय.”

प्रज्ञा फोनजवळ वाकली. “काका, आधी गोल्डफिशची विक्री बंद करा. आजपासून. टाकी, जाळी, सगळं वेगळं.”

“न्यू इयर असा गे.”

“माहितीये.”

फोनमधून सावंतांच्या दुकानातल्या पंपांची गुडगुड ऐकू येत होती, आणि मागे कोणीतरी एका माशाची किंमत विचारत होते. पुन्हा विचारली, जरा मोठ्याने.

“विकूचे नाय ते,” सावंत त्या माणसाला म्हणाले. मग फोनमध्ये, “सांग. पाणी किती तापवूक व्हया?”